मुंगी

राजेंद्र नगरात, रेल्वे फाटकाच्या अलीकडे,
डॉक्टर सुलभा मुंगी यांचा होमिओपॅथीचा दवाखाना.
की-बोर्ड उलटा करून झटकला तर
लवंगी शेवेचा चुरा पडला, आणि साबुदाण्याएवढी एक गोळी.
"ही कशावरची?" मी विचारलं.
"चाटून बघ," त्या म्हणाल्या, "सगळ्या सारख्याच लागतात."

भाच्याच्या मुंजीचे फोटो पेन ड्राइव्हवर आले,
त्यांच्या सोबतीनं तो आला.
काल रात्रीपासून मारतोय. एकशे चौदा झाले.
आता स्कॅनर हिरवा होऊन म्हणतो, काही नाही, घरी जा.

पण तीन बोटं एकदम दाबली
तरी टास्क मॅनेजर उघडत नाही. पाटी येते:
तुमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने हे बंद केलं आहे.
"हा कोण?"
"तुम्हीच."
चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पाटी जवळून वाचली.
"मी कधी बंद केलं रे?"

कसं सांगू.
तो गेला, पण जाण्याआधी तुमच्या सहीनं हुकूम लिहून गेला.
रजिस्ट्रीत, पार आत, एका नावापुढे एक हा आकडा.
एक म्हणजे बंद.
सही कुणी केली ते यंत्र विचारत नाही,
इमानी आहे, एवढाच त्याचा दोष.
आणि रजिस्ट्रीही उघडू देत नाही:
किल्ली कपाटात, कपाटाला कुलूप.

"ताप उतरतो," त्या म्हणाल्या,
"तोंडाला चव मात्र आठ दिवस येत नाही. तसंच ना?"
तसंच. जवळजवळ.

मग मी नोटपॅड उघडलं.
नोटपॅड कुणी बंद करत नाही, त्याला कुणी मोजतच नाही.
सात ओळी लिहिल्या. तो ज्या वाटेनं गेला त्याच वाटेच्या,
त्यानं हात लावला त्याच नावांना हात लावणाऱ्या,
फक्त एकच्या जागी शून्य.
सेव्ह करताना नाव मागितलं. मी लिहिलं, मुंगी.
त्या हसल्या नाहीत. "त्याचंच औषध त्याला," म्हणाल्या,
"पण किती पातळ केलंस, त्यावर सगळं."

राइट क्लिक. इन्स्टॉल.
काहीच झालं नाही.
लॉग ऑफ. पुन्हा आत. तीन बोटं.

उघडला.
वरपासून खाली बत्तीस नावं, प्रत्येकापुढे त्याची त्याची भूक.
"एवढं सगळं चालू असतं?
आणि मी सकाळपासून पेशंटना सांगतेय,
भिया, आज इथं काहीच चालत नाही."

फोल्डर राहिले होते. खरे लपवून त्यानं
त्याच नावांचे खोटे दर्शनी मांडले होते.
खोटे पुसले. मग काळी खिडकी, एक ओळ:
जे जे लपलंय ते वर या.
माझी ओळ आंधळी. कुणी लपवलं, का लपवलं, बघत नाही.
वर आले: पेशंट, अ ते ज्ञ. लाइट बिलं. मुंजीचे फोटो.
आणि एक, 'महू, जून'.

त्यांची मान बाटल्यांच्या शेल्फकडे वळली.
"हा त्यानं नाही. हा मी."

उघडला नाही. राइट क्लिक, प्रॉपर्टीज,
हिडनच्या चौकटीत खूण परत ठेवली.
फिकट झाला, मग तेवढाही उरला नाही.

अडीचशे झाले. तीनशेची नोट कुठली,
सुटे नव्हते; तीन शंभराच्या दिल्या
आणि वरच्या पन्नासाबद्दल मीच एक बाटली घेऊन निघालो.
"रात्र रात्र जागतोस. चार गोळ्या, जिभेखाली. कॉफी बंद."
"कुणी बंद केली?"
तेव्हा मात्र हसल्या.

फाटक पडलेलं. महूची गाडी जाईपर्यंत
स्कूटर बंद करून उभा होतो.
विश्वास नाही माझा.
चार गोळ्या जिभेखाली, आधी साखर,
आणि साखरेच्या मागे काहीतरी,
किंवा काहीच नाही.